एका शनिवारची कादंबरी: बाल्डविन मराठी वाचकमंडळात कसे वाचावेत

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांची ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ ही पहिली कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. अडीचशे पानांच्या आतबाहेरचे हे पुस्तक हौसेने हातात घेणारे पुष्कळ असतात, आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर ते बाजूला ठेवणारेही पुष्कळ असतात. दोष इंग्रजीचा नाही, कारण शब्दांपुरते पाहिले तर ती सोपी आहे. पहिल्या भागात जॉन नावाच्या चौदा वर्षांच्या एका मुलाची गोष्ट सुरू होते, वाचक तिच्यात गुंततो, आणि नेमक्या त्याच वेळी लेखक त्या मुलाला प्रार्थनागृहात सोडून त्याची आत्या फ्लॉरेन्स, बाप गेब्रिएल आणि आई एलिझाबेथ यांच्या गतकाळात पाऊणशे वर्षे मागे निघून जातो. फोंडा, म्हापसा, डिचोली, साखळी अशा ठिकाणी चालणाऱ्या लहानशा मराठी वाचकमंडळांपैकी कोणाला ही कादंबरी एकत्र वाचायची असेल, तर आधी काय तयारी करावी, कुठे थांबावे आणि कोणत्या सोयीच्या वाटा टाळाव्यात, ते येथे सांगायचे आहे. माझे मत आधीच मांडून ठेवावे हे बरे. या कादंबरीत आठवण ही प्रार्थनेच्या रूपाने येते. घरातली माणसे जे एकमेकांना सांगू शकत नाहीत, ते देवापुढे गुडघे टेकून आठवतात. आणि देव सोडला तर ते सगळे ऐकणारा एकटा वाचकच असतो. वाचनाची सारी पद्धत या एका गोष्टीवर बेतावी.

वाचनाआधीची तयारी

लेखकाच्या चरित्रावर पहिल्या बैठकीतली दहा मिनिटे खर्च करावीत, त्याहून अधिक नकोत. बाल्डविन यांचा जन्म २ ऑगस्ट १९२४ रोजी न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत झाला. त्यांचा सावत्र बाप धर्मोपदेशक होता आणि अतिशय कठोर होता. स्वतः बाल्डविन चौदाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत हार्लेममध्ये प्रवचने करीत असत. १९४८ मध्ये ते पॅरिसला गेले, आणि अनेक वर्षे रेंगाळलेली ही कादंबरी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या लॉयकरबाद नावाच्या डोंगरी गावात पूर्ण केली. एवढे पुरे. यापुढे गेले की मंडळातला कोणीतरी ‘जॉन म्हणजे बाल्डविनच’ असा निकाल देऊन मोकळा होतो, आणि मग फ्लॉरेन्स, गेब्रिएल व एलिझाबेथ या तिघांच्या वाट्याला गेलेला कादंबरीचा निम्म्याहून मोठा भाग सर्वांना नुसती पार्श्वभूमी वाटू लागतो.

इतिहासाची उजळणी मात्र नीट करावी, कारण कादंबरी ती करून देत नाही. लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला, आणि १८६५ च्या अखेरीस तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपूर्ण देशात कायद्याने रद्द झाली. फ्लॉरेन्स आणि गेब्रिएल यांची आई रेचल गुलाम म्हणून जन्मली होती. मुक्तीचा दिवस तिने स्वतः पाहिला होता आणि तो ती मुलांना पुन्हापुन्हा सांगत असे. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ हे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या कायद्यांना अधिष्ठान मिळाले. त्यानंतर, साधारण १९१० पासून १९७० पर्यंत, सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली. फ्लॉरेन्स १९०० साली, म्हणजे ही लाट उसळण्यापूर्वीच, आजारी आईला अंथरुणावर सोडून न्यूयॉर्कची गाडी पकडते. तिचे हे आधी जाणे किती एकाकी होते, ते या तारखा ठाऊक असल्याशिवाय ध्यानात येत नाही. कादंबरीचा वर्तमानकाळ मार्च १९३५ मधला एक शनिवार आणि त्यापाठची रात्र एवढाच आहे. त्याच महिन्यात, १९ तारखेला, हार्लेममध्ये मोठी दंगल उसळली होती. लेखक तिच्याविषयी अवाक्षर काढत नाही, आणि हे मौन मंडळाने चर्चेला घेण्याजोगे आहे.

तिसरी तयारी बायबलची, आणि येथे गोव्यातल्या मराठी वाचकाचे पारडे जड आहे. बाल्डविन यांच्या वाक्यांची चाल १६११ साली छापल्या गेलेल्या किंग जेम्स बायबलवरून आलेली आहे. त्या ग्रंथाचे आणि हार्लेममधल्या प्रार्थनागृहांतील वक्तृत्वाचे ऋण त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १६१६ मध्ये, सासष्टीतल्या राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराच्या कथा मराठी ओवीत आलेल्या आहेत. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या पाठ्यपुस्तकांमुळे आपल्याला तोंडपाठ असतात, पुढचे पुराण मात्र क्वचितच कोणी उघडते. या निमित्ताने ते उघडावे. नोहा, अब्राहाम, याकोब यांच्या कथा ओवीच्या लयीत एकदा कानांवरून गेल्या, की बाल्डविन यांच्या पानांवर ही नावे परकी वाटत नाहीत. ज्यांना जुनी भाषा जड जाईल त्यांनी मराठी बायबलमधून उत्पत्तीचा नववा अध्याय, यशयाचा सहावा अध्याय आणि प्रकटीकरणाचा आठवा अध्याय एवढे तरी वाचून यावे. प्रकटीकरणातल्या त्या अध्यायात धूपाच्या धुराबरोबर संतांच्या प्रार्थना देवापुढे वर चढतात. कादंबरीच्या दुसऱ्या भागाचे शीर्षक ‘संतांच्या प्रार्थना’ असेच आहे.

शीर्षकाबद्दल एवढेच सांगावे की ते गुलामगिरीच्या काळापासून गायिल्या जाणाऱ्या एका भक्तिगीताचे आहे. ख्रिस्तजन्माची वार्ता डोंगरावर जाऊन सांगा, असा त्याचा आशय आहे. बैठक सुरू होण्यापूर्वी ते एकदा ऐकवले तर बरे.

वही कशी ठेवावी

सामूहिक वाचनात वंशावळ काढण्याची पद्धत आहेच आणि ती येथेही काढावी. परंतु या कादंबरीसाठी तेवढ्याने भागत नाही. वहीच्या दुसऱ्या पानावर ‘कोणाला काय ठाऊक आहे’ असा तक्ता आखावा, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्यात भर घालावी. हा तक्ता हेच या वाचनाचे मुख्य साधन आहे, म्हणून त्याचा नमुना जरा तपशिलाने देतो. ज्यांना कथानक आधी कळलेले चालत नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद तूर्त सोडून द्यावेत. पण मंडळ चालवणाऱ्याला ते सोडता येणार नाहीत.

जॉन ग्राइम्स हा गेब्रिएलचा मुलगा नाही. तो एलिझाबेथला रिचर्ड नावाच्या तरुणापासून झालेला मुलगा आहे. ही गोष्ट एलिझाबेथला, गेब्रिएलला आणि फ्लॉरेन्सला ठाऊक आहे. जॉनला ती शेवटच्या पानापर्यंत ठाऊक होत नाही. रिचर्डला चोरीच्या खोट्या आळात पकडले जाते, पोलीस त्याला मारहाण करतात, न्यायालयातून तो सुटून येतो आणि त्याच रात्री जीव देतो. एलिझाबेथला दिवस गेले आहेत हे त्याला तिने सांगितलेलेच नसते. सांगितले असते तर तो जगला असता का, हा तिच्या प्रार्थनेतला न सुटणारा प्रश्न आहे. दुसरीकडे गेब्रिएलचेही एक गुपित आहे. पहिली बायको डेबोरा जिवंत असताना, एका गोऱ्या कुटुंबात काम करणाऱ्या एस्थरशी त्याचा संबंध आला, तिला मुलगा झाला, त्याचे नाव रॉयल. गावातल्या रस्त्यावर हा मुलगा गेब्रिएलच्या डोळ्यांपुढे वाढला, बापाला ओळखल्यावाचून वाढला, आणि शिकागोत भोसकला जाऊन मेला. डेबोराने हे ओळखले होते. तिने फ्लॉरेन्सला पत्र लिहून कळवले, आणि ते पत्र फ्लॉरेन्सने इतकी वर्षे जपून ठेवले आहे. एलिझाबेथला यातले काहीच माहीत नाही.

आता तक्त्याकडे पाहावे. बायकोच्या लग्नापूर्वीच्या मुलाला जो माणूस रोज पापाचे फळ म्हणून वागवतो, त्याचे स्वतःचे पाप त्याच्या बहिणीच्या पिशवीत आहे. रॉयल हे नाव गेब्रिएलने मनोमन आपल्या धर्मपत्नीच्या पोटी येणाऱ्या मुलासाठी राखून ठेवलेले होते. ते एस्थरने आपल्या बाळाला दिले. आणि पुढे एलिझाबेथपासून झालेल्या पहिल्या मुलाला गेब्रिएलने जवळजवळ तेच नाव ठेवले, रॉय. हा धागा कादंबरीतल्या कोणी दुसऱ्याला समजावून सांगत नाही. तक्ता भरत गेलो की तो आपोआप दिसतो.

बैठकांची वाटणी

पहिला भाग एका बैठकीत घ्यावा. जॉनच्या चौदाव्या वाढदिवसाच्या सकाळपासून रात्रीच्या प्रार्थनेपर्यंतचा दिवस त्यात येतो. त्याला उठल्यावर वाढदिवस कोणाच्या ध्यानात नाही असे वाटते, आई थोडी नाणी देते, तो सेंट्रल पार्कमधल्या टेकडीवर चढून शहराकडे पाहतो, सार्वजनिक ग्रंथालयाच्या भव्य इमारतीत शिरण्याचे त्याला धैर्य होत नाही, तो एकटा सिनेमा पाहतो, आणि घरी येतो तेव्हा रॉयला गोऱ्या मुलांनी चाकूने जखमी केलेले असते. घटना भराभर सांगून टाकता येतात, म्हणून त्या सांगण्यात बैठक घालवू नये. त्याऐवजी एक प्रसंग निवडून सावकाश वाचावा. माझी निवड जॉन पुढच्या खोलीतला गालिचा झाडतो त्या प्रसंगाची. तो झाडू मारतो, धूळ उठते, नाकात जाते, आणि जिथून उठली तिथेच परत बसते. डोंगरावर धोंडा ढकलणाऱ्या शापित माणसाची गोष्ट त्याने कुठेतरी वाचलेली असते आणि ती त्याला या वेळी आठवते. घरातली घाण, मुलाचे एकट्याने चाललेले पाप, बापाचा धर्म आणि शाळेतून आलेले पुस्तकी ज्ञान या चारही गोष्टी त्या एका गालिच्यावर गोळा झालेल्या आहेत. मंडळाने येथे अर्धा तास थांबावे. अर्थ सांगण्याची घाई न करता प्रत्येकाने आपापले एक वाक्य निवडून वाचून दाखवावे.

दुसऱ्या भागाला तीनऐवजी चार बैठका द्याव्यात. फ्लॉरेन्सची प्रार्थना एका बैठकीत मावते. गेब्रिएलची सर्वांत लांब आहे आणि तिचे दोन तुकडे करावेत. पहिला त्याच्या मनःपरिवर्तनापासून डेबोराशी लग्नापर्यंत, दुसरा एस्थरपासून पुढे. एलिझाबेथची प्रार्थना पुन्हा एका बैठकीत. प्रत्येक वेळी सुरुवातीला एकाने आठवण करून द्यावी की आपण १९३५ च्या त्या रात्री, त्याच खोलीत, त्याच वेदीपाशी आहोत. लेखक अधूनमधून त्या खोलीत परत येतो: कोणी गाऊ लागते, कोणी ओरडते, जॉनचा आवाज येतो. हे परत येणे दोनतीन ओळींचे असते आणि वेगाने वाचणाऱ्याच्या हातून निसटते. पेन्सिलीने समासात खूण करावी. ज्याने खुणा केल्या नाहीत त्याला हा भाग तीन सुट्या दीर्घकथांसारखा वाटतो, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

डेबोरावर सोळाव्या वर्षी गोऱ्या पुरुषांनी केलेला बलात्कार, आणि त्यानंतर गावाने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले ते, याची पूर्वसूचना मंडळाला बैठकीआधीच द्यावी. पुस्तकातल्या वर्णद्वेषी शिव्या मोठ्याने वाचताना गाळल्या तरी चालतील. त्यांच्या जागी आपल्याकडचे हिणकस शब्द मात्र घालू नयेत.

तिसरा भाग लहान आहे. तो एका बैठकीत, शक्यतो सगळाच्या सगळा मोठ्याने वाचावा. जॉन वेदीपुढे जमिनीवर कोसळतो आणि रात्रभर तिथेच असतो. शीर्षक खळ्याचे आहे, म्हणजे धान्य आणि भूस वेगळे होण्याच्या जागेचे. येथे नोहाची कथा उघडपणे येते. द्राक्षारस पिऊन उघड्या पडलेल्या नोहाला त्याचा मुलगा हाम पाहतो, आणि नोहा हामच्या मुलाला, कनानला, दासाचा दास होण्याचा शाप देतो. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांनी या कथेचा आधार घेऊन काळ्या माणसांना हामचे शापित वंशज ठरवले होते. जॉनने कधीकाळी नहाणीच्या टबावर वाकून बापाची पाठ घासून दिलेली आहे आणि त्याला उघडे पाहिलेले आहे. आपण तोच शापित मुलगा आहोत, हे भय त्याला जमिनीवर पडल्यापडल्या ग्रासते. आता वहीतला तक्ता काढावा. ज्याच्या शापाला तो भितो आहे तो त्याचा बाप नाहीच, हे त्या खोलीत तिघांना ठाऊक आहे आणि आपल्याला ठाऊक आहे. एका ओळीत इतिहासातले खोटे आणि घरातले खोटे असे एकमेकांवर बसलेले क्वचितच सापडते. मला या कादंबरीतला हा सर्वांत मोठा क्षण वाटतो, आणि त्यासाठी आधीच्या पाच बैठकांचे कष्ट सार्थकी लागतात.

श्रद्धेविषयी

आपल्याकडच्या वाचकाला ‘चर्च’ म्हटले की पांढरी शुभ्र दर्शनी भिंत, सायंकाळची घंटा, व्हायोलिनच्या साथीने चाललेली मिसा आणि पाद्रींची शिस्तबद्ध उतरंड डोळ्यांसमोर येते. ते चित्र पुसून टाकावे. जॉनचे प्रार्थनागृह पूर्वी दुकान असलेल्या जागेत भरते. लोक कामाची धुणीभांडी आटोपून येतात, एकमेकांना संत म्हणतात, पियानो आणि डफ यांच्या तालावर गातात, नाचतात, अनोळखी भाषांत बोलू लागतात, जमिनीवर पडतात. या पेंटेकोस्टल परंपरेला १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर जोर आला, आणि तिथला प्रमुख उपदेशक विल्यम सेमूर हा गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईबापांचा मुलगा होता. तिथे बिशप नाही, सोन्याचा वर्ख चढवलेली वेदी नाही. देव येतो तो माणसाच्या अंगातच येतो.

येथे गोमंतकीय वाचकाला देवळातला अवसर, म्हणजे देव अंगात येणे, आठवल्यावाचून राहणार नाही, आणि आठवू द्यावा. अवसर येणाऱ्या माणसाकडे गावकरी ज्या मिश्र नजरेने पाहतात, म्हणजे अंगारा कपाळाला लावूनही शेजाऱ्याच्या कानात शंका कुजबुजतात, जवळपास त्याच नजरेने जॉन प्रार्थनासभेतल्या सतरा वर्षांच्या एलायशाला नाचताना पाहतो. फरक एवढा की गावचा अवसर ठरावीक माणसाला, ठरावीक घराण्यात येतो. जॉनच्या सभेत मात्र तो प्रत्येकाला यावा अशी अपेक्षा असते, आणि ज्याला येत नाही त्याच्या आत्म्याची सर्वांना काळजी लागते. चौदा वर्षांच्या मुलावर हा केवढा भार आहे, हे त्या फरकातून कळते. मंडळात दोन टोकाचे वाचक हमखास असतात. एकाला हे सगळे अंधश्रद्धेचे दर्शन वाटते, दुसऱ्याला भक्तीचा विजय. दोघांनाही सौम्यपणे एक प्रश्न विचारावा: जॉनला त्या रात्री खरेच काही लाभले की नाही? लेखकाने उत्तर दिलेले नाही. सकाळी बाहेर पडताना जॉन उजळलेला आहे, आणि गेब्रिएलच्या चेहऱ्यावर हसू नाही, या दोन्ही गोष्टी त्याने शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. एलायशाविषयी जॉनला वाटणारी ओढ हाही त्याच रात्रीचा भाग आहे. पहिल्या भागात दोघे प्रार्थनागृह झाडताना कुस्ती खेळतात तिथपासून ती सुरू होते, आणि अखेरीस एलायशा त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो तिथे ती थांबते. संकोचापोटी ही ओळ गाळून पुढे जाऊ नये. ती गाळली तर जॉनला नेमकी कशाची भीती वाटते आणि नेमके कोण त्याला हाताला धरून बाहेर आणते, ते अर्धेच राहते.

मोठ्याने वाचण्यासाठी वाचक निवडताना उत्तम इंग्रजी उच्चार असलेल्याला न निवडता भजनी मंडळात गाणाऱ्याला निवडावे. वाक्य वर चढताना श्वास कुठे राखायचा, पालुपद परत आले की आवाज कसा बदलायचा, हे त्याला शिकवावे लागत नाही. गेब्रिएलची प्रवचने तशीच रचलेली आहेत.

सोयीच्या वाटा

मराठी वाचक कृष्णवर्णीय साहित्याकडे बहुधा दलित साहित्याच्या रस्त्याने पोहोचतो. १९६६ मध्ये अमेरिकेत ब्लॅक पँथर स्थापन झाली आणि तिच्यावरून नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे सर्वांना माहीत असते, आणि त्यामुळे पुस्तक उघडतानाच विद्रोहाची अपेक्षा असते. ती येथे पुरी होत नाही. गोरी माणसे या कादंबरीत जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांनी केलेली जखम काळ्या घराच्या स्वयंपाकघरात, बापाच्या पट्ट्यात आणि बायकोच्या गालावर बसलेल्या थपडेत दिसते. तुलना करायचीच असेल तर घोषणांच्या कवितेशी करू नये. आपल्या दलित आत्मकथनांतल्या बापाच्या, आजीच्या आणि घरातल्या उपासाच्या प्रकरणांशी करावी. ती तुलना टिकते.

दुसरी वाट खास आपली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या भागातून देव पालखीत घालून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. स्थलांतर आणि श्रद्धा म्हटल्यावर बैठकीत कोणीतरी ही स्मृती काढणारच. काढावी, पण पाच मिनिटांत आवरावी. आपले देव आपल्याबरोबर आले, कुळे आणि गावांची नावे राहिली. रेचलची मुले तिच्यापासून तोडली गेली, आणि ज्यांनी तिला विकत घेतले त्यांच्याच ग्रंथातला देव तिने आपला केला. हा भेद पुसला की कादंबरी हातची जाते.

त्याऐवजी एक अवघड आठवण काढावी. गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक गोव्यातही होते. पोर्तुगीज जहाजांतून मोझांबिकहून माणसे येथे आणून विकली जात, आणि १८३६ मध्ये पोर्तुगालने हा व्यापार कायद्याने बंद करीपर्यंत जुन्या गोव्याच्या वैभवातला तो एक नेहमीचा भाग होता. त्यांच्या प्रार्थना कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. मंडळात इतिहासाचे जाणकार असतील तर त्यांना एका बैठकीत यावर बोलायला सांगावे. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात गोव्याच्या इतिहासाची पुस्तके पाहायला मिळतात. बाल्डविन यांनी रेचलला जो आवाज दिला, तो का द्यावा लागला असेल, हे तेव्हा लांबच्या देशाचे प्रकरण राहत नाही.

शेवटच्या बैठकीत नवे काही वाचू नये. त्या दिवशी पहिल्या भागातला एकच प्रसंग पुन्हा घ्यावा. रॉय जखमी होऊन पडलेला आहे, गेब्रिएल सगळा दोष एलिझाबेथवर आणि जॉनवर ढकलतो, एलिझाबेथ उलट बोलते, तो तिला थप्पड मारतो, रॉय बापाला शिवी देतो, बाप कमरेचा पट्टा काढतो, आणि फ्लॉरेन्स मध्ये पडून त्याला थांबवते. पहिल्या वाचनात हे एका तापट बापाचे घर वाटले होते. आता सहा जणांनी सहा माणसे वाटून घ्यावीत: गेब्रिएल, एलिझाबेथ, फ्लॉरेन्स, रॉय, जॉन, आणि सहावा तिथे नसलेला रॉयल. प्रत्येकाने वहीतल्या तक्त्यावरून सांगावे की या क्षणी आपल्या माणसाला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि तो काय बोलायचे टाळतो आहे. गेब्रिएलची बाजू मंडळातल्या त्याच्यावर सर्वांत अधिक चिडलेल्या सभासदाकडे द्यावी.